केटामिन आणि कवटीतला दाब : एका बाणाची उलटतपासणी

आमच्या विभागात दर शुक्रवारी जर्नल क्लब असतो. मागच्या सत्रात माझी पाळी आली तेव्हा मी 'भुलीच्या औषधांचा मेंदूवर परिणाम' हा विषय घेतला आणि सुरुवातीलाच एक तक्ता दाखवला. तुम्हीही तो कुठे ना कुठे पाहिला असेल. डावीकडे औषधांची नावं, वर तीन रकाने: मेंदूतला रक्तप्रवाह, मेंदूचा ऑक्सिजन-वापर, कवटीतला दाब. आत नुसते बाण. थायोपेंटोन, तिन्ही खाली. प्रोपोफॉल, तिन्ही खाली. हॅलोथेन, प्रवाह वर, वापर खाली, दाब वर. केटामिन, तिन्ही वर.

मॅडमनी लेझर पॉइंटर मागून घेतला आणि केटामिनच्या शेवटच्या बाणावर धरला. "हा बाण कोणाचा आहे?"

मला वाटलं रेफरन्स विचारताहेत. मी पुस्तकाचं नाव सांगितलं.

"पुस्तक नाही गं विचारत. हा बाण कोणत्या माणसाचा आहे? त्याला काय झालं होतं? तो स्वतः श्वास घेत होता की व्हेंटिलेटरवर होता?"

उत्तर आलं नाही. पुस्तकाने दुसऱ्या पुस्तकाचा हवाला दिला होता, त्या पुस्तकाने एका रिव्ह्यूचा, आणि मी त्या साखळीच्या सगळ्यात खालच्या कडीला लटकून बाण दाखवत होते. पुढचे तीन आठवडे ती साखळी वर चढण्यात गेले. हा लेख त्यातूनच झालाय. एक गोष्ट आधीच सांगते: मी शरीरक्रियाशास्त्राची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही. कोणत्या रुग्णाला काय द्यावं हे इथे शोधू नका. पेपर कसे वाचले जातात आणि कसे वाचले जात नाहीत, एवढाच माझा विषय.

पार्श्वभूमी थोडक्यात. मोठ्या माणसाची कवटी म्हणजे झाकण घट्ट बसलेला डबा. आत साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त, १० टक्के सीएसएफ, म्हणजे मेंदूभोवतीचं आणि त्याच्या पोकळ्यांतलं पाणी. अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेली कल्पना अशी, की डबा ताणला जात नाही, म्हणून आतली एक गोष्ट वाढली तर दुसरीला जागा सोडावी लागते. सुरुवातीला सीएसएफ पाठीच्या कण्याकडे सरकतं, शिरांमधलं रक्त बाहेर जातं, आणि दाब फारसा वाढत नाही. ही सोय संपली की मात्र थोड्याशा जादा रक्तानेही दाब झपकन चढतो. आडव्या अक्षावर आकारमान आणि उभ्या अक्षावर दाब घेतला, तर आलेख आधी जवळजवळ सपाट आणि मग उभा कडा. हा कडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निरोगी प्रौढाचा कवटीतला दाब आडवा झोपलेला असताना ७ ते १५ मिमी पारा. डोक्याला गंभीर मार बसलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेतल्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना २२ च्या वर गेल्यास उपचार करा असं सांगतात. मेंदूला रक्त ढकलणारा दाब म्हणजे सरासरी रक्तदाबातून हा कवटीतला दाब वजा केल्यावर जे उरतं ते. म्हणजे मेंदूचं नुकसान दोन बाजूंनी होऊ शकतं: आतला दाब वाढून किंवा रक्तदाब पडून. आणि तिसरा खेळाडू कार्बन डायऑक्साइड. रक्तातला त्याचा दाब १ मिमीने वाढला की मेंदूतला रक्तप्रवाह साधारण ३ टक्क्यांनी वाढतो. माणूस भुलीत मंद श्वास घ्यायला लागला आणि हा आकडा ४० वरून ५० वर गेला, तर औषधाने स्वतः काही केलं नाही तरी मेंदूत ३० टक्क्यांच्या आसपास जास्त रक्त वाहायला लागेल.

आता मूळ पेपरांकडे.

केटामिन १९६२ मध्ये कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने बनवलं. १९६४ मध्ये एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सेन यांनी ते पहिल्यांदा माणसांना दिलं, आणि ती माणसं मिशिगनच्या एका तुरुंगातले कैदी होते. (संशोधनातल्या नैतिकतेवर तुमच्या कोर्सवर्कमध्ये प्रश्न आला तर हे उदाहरण ठेवून द्या.) १९७० मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. श्वास फारसा दबत नाही, रक्तदाब पडण्याऐवजी चढतो, श्वासनलिका मोकळ्या राहतात: भूलतज्ज्ञांना हे वरदानच वाटलं असणार.

आणि लगेच, १९७१ आणि १९७२ या दोनच वर्षांत, धोक्याची घंटा वाजवणारे लेख ओळीने आले. गार्डनर आणि सहकारी १९७१. वाइट आणि सहकारी १९७२. शपायरो आणि सहकारी १९७२. गिब्स १९७२. लिस्ट आणि सहकारी १९७२. सगळ्यांचा सूर एकच: केटामिन दिल्यावर सीएसएफचा दाब वाढला, काहींमध्ये भीती वाटावी इतका. यातले निम्मे तरी मला आमच्या ग्रंथालयातून मागवावे लागले. आल्यावर पहिलं जे जाणवलं ते म्हणजे हे लेख किती छोटे आहेत. काही पानं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण. ज्या वाक्याने पुढची तीस-चाळीस वर्षं जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत राज्य केलं, त्याचा पाया एवढाच.

पण 'सॅम्पल साईझ लहान' म्हणून पेपर बाजूला सारणं हा आळशी टीकाकाराचा मार्ग आहे, आणि आपण सगळे जर्नल क्लबमध्ये तो हटकून वापरतो. सहा जणांमध्ये सहाही वेळा दाब दुपटीने चढला तर ते खरंच घडलेलं असतं, त्यासाठी पी-व्हॅल्यू लागत नाही. या निरीक्षकांनी जे पाहिलं ते चुकीचं पाहिलं असं मला अजिबात वाटत नाही. प्रश्न मॅडमचाच आहे: कोणामध्ये पाहिलं?

कवटीतला दाब मोजायचा तर आत किंवा कमरेत सुई-नळी हवी. निरोगी माणसाला ती सहज कोणी घालत नाही. ज्यांच्या मेंदूत आधीपासून काही बिघाड आहे, ज्यांचा सीएसएफचा मार्ग अडलाय, त्यांनाच ती घातलेली असते. तो काळही लक्षात घ्या. सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाची तपासणी लंडनमध्ये ऑक्टोबर १९७१ मध्ये झाली. त्याआधी मेंदूतली गाठ शोधायची म्हणजे पोकळ्यांमध्ये हवा भरून एक्स-रे काढायचा, आणि या त्रासदायक तपासण्यांसाठी, विशेषतः मुलांमध्ये, केटामिन सोयीचं म्हणून वापरलं जात होतं. म्हणजे ज्यांच्यात दाब मोजला गेला त्यातले बरेचसे आधीच त्या कड्यावर उभे होते, जिथे चमचाभर जादा रक्तानेही दाब उसळतो. नंतरच्या समीक्षकांनी नेमकं यावरच बोट ठेवलंय, की सुरुवातीच्या रुग्णांपैकी अनेकांमध्ये सीएसएफचा प्रवाह अडलेला होता.

दुसरा मुद्दा श्वासाचा. केटामिनची सगळी कीर्तीच अशी, की रुग्ण स्वतः श्वास घेत राहतो, नळी घालावी लागत नाही. म्हणून त्या काळात ते बहुतेकदा तसंच वापरलं जायचं. स्वतःच्या श्वासावर असलेल्या माणसात कार्बन डायऑक्साइड थोडा जरी साचला, तरी वर सांगितलेलं ३ टक्क्यांचं गणित सुरू होतं. म्हणजे दाब वाढला हे खरं, पण त्यातला किती वाटा औषधाचा आणि किती मंदावलेल्या श्वासाचा, हे वेगळं करायची सोय त्या मांडणीत नव्हती. आपण ज्याला कन्फाउंडर म्हणतो तो हाच. पाठ्यपुस्तकातली व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे एक उदाहरण जास्त उपयोगी पडेल.

तिसरा मुद्दा: यातल्या बहुतेकांना केटामिन एकट्याने दिलं होतं, दुसऱ्या झोपेच्या औषधाशिवाय. याला नंतर महत्त्व आलं.

इथपर्यंत मूळ लेखकांचा दोष फारसा नाही. शपायरो आणि सहकाऱ्यांच्या लेखाचं शीर्षकच कवटीत आजार असलेल्या रुग्णांबद्दल आहे, म्हणजे अट शीर्षकातच आहे. ती गळाली पुढे. रिव्ह्यूमध्ये 'कवटीत आजार असलेल्यांमध्ये' राहिलं, 'अडलेला सीएसएफ' गेलं. पाठ्यपुस्तकात 'डोक्याला मार लागलेल्यांना देऊ नये' झालं. परीक्षेच्या गाईडमध्ये 'केटामिन: आयसीपी वाढवते' उरलं. आणि शेवटी माझ्या स्लाईडवर बाण. प्रत्येक पायरीवर एकेक अट काढून टाकली गेली, आणि प्रत्येक पायरीवर वाक्य जास्त ठाम झालं. चार शब्दांचं वाक्य लक्षात राहतं, चाळीस शब्दांचं राहत नाही, हे मला मान्य आहे. पण अटी काढल्यावर जे उरलं ते छोटं झालेलं तेच वाक्य नव्हतं. ते वेगळं वाक्य होतं, ज्याचा पुरावा कोणी गोळाच केला नव्हता.

तुम्ही म्हणाल, त्यात काय बिघडलं? सावध राहिलेलं बरं. मलाही सुरुवातीला असंच वाटलं. माझा मावसभाऊ तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ आहे, त्याला फोन केला. म्हणाला, "अगं, महामार्गावरचा अपघात येतो, डोकं फुटलेलं, पोटात रक्तस्राव, रक्तदाब ८० वर. नळी घालायची तर झोपवायला हवं. केटामिन द्यायचं नाही म्हटलं तर माझ्या हातात काय उरतं? थायोपेंटोन, प्रोपोफॉल. दोन्ही रक्तदाब आणखी पाडणार."

सावधगिरीची किंमत ही अशी होती. १९९३ मध्ये चेस्नट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ७१७ गंभीर डोकेदुखापतींच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा वरचा रक्तदाब सुरुवातीच्या काळात ९० च्या खाली गेला होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, रक्तदाब पडला म्हणूनच मृत्यू आला असं त्यातून सिद्ध होत नाही. जास्त जखमी माणसाचा रक्तदाब जास्त पडणारच. तरीही वजाबाकी आठवा: सरासरी रक्तदाब उणे कवटीतला दाब. दाब ५ ने वाढेल या भीतीने रक्तदाब २५ ने पाडला, तर मेंदूचा तोटाच. बाणांच्या तक्त्यात रक्तदाबाचा रकाना नव्हता. म्हणून ही वजाबाकी कोणी केली नाही, मीसुद्धा नाही.

बाकीची औषधं मी इथे पटकन उरकते, पण एक उदाहरण सोडवत नाही. सुफेंटानिल हे अफूवर्गातलं वेदनाशामक. त्याने कवटीतला दाब वाढतो असे रिपोर्ट होते. १९९५ मध्ये वेर्नर आणि सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्या ३० रुग्णांत पाहिलं, की ज्यांचा रक्तदाब टिकवला त्यांच्यात दाब वाढला नाही. ज्यांचा रक्तदाब पडला त्यांच्यात थोडा वाढला. अर्थ सरळ आहे. रक्तदाब पडला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या स्वतःहून रुंदावतात, म्हणजे आत रक्त वाढतं. औषधाचा म्हणून लावलेला बाण खरं तर रक्तदाबाचा होता. केटामिनच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइड, इथे रक्तदाब.

आता दुसरी पिढी. १९८५ मध्ये फेनिंगर आणि सहकाऱ्यांनी जनावरांवर, डुकराच्या पिलांसकट, तोच प्रश्न नीट मांडून विचारला: श्वास स्वतःचा असताना आणि व्हेंटिलेटरचा असताना. व्हेंटिलेटरने कार्बन डायऑक्साइड जागेवर ठेवला की दाबाची ती उसळी दिसली नाही. १९९५ मध्ये मेबर्ग आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी, आयसोफ्लुरेन आणि नायट्रस ऑक्साइडच्या भुलीत असलेल्या रुग्णांना किलोमागे १ मिलिग्रॅम केटामिन दिलं. दाब वाढण्याऐवजी किंचित उतरला. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या अल्बानेझ आणि सहकाऱ्यांनी प्रोपोफॉलवर झोपवलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या ८ डोकेदुखापतग्रस्तांना किलोमागे १.५, ३ आणि ५ मिलिग्रॅम असे तीन डोस दिले. दाब सरासरी २, ४ आणि ५ मिमीने उतरला. डोस वाढला तशी घटही वाढली.

हे वाचून मी इतकी खूश झाले, की पुढच्या शुक्रवारसाठी नवी स्लाईड करून टाकली: जुना बाण खोडला, खाली जाणारा नवा बाण काढला. शीर्षक दिलं 'पन्नास वर्षांचा गैरसमज'. ती स्लाईड मी मॅडमना दाखवायच्या आदल्या रात्री काढून टाकली. का, तेही सांगते.

सगळ्यात मोहात पाडणारा पेपर बार-जोसेफ आणि सहकाऱ्यांचा, २००९ चा, इस्रायलमधला. कवटीतला दाब चढलेली, व्हेंटिलेटरवरची ३० मुलं. केटामिनचे एकूण ८२ डोस. दाब २५.८ वरून १८.० वर, म्हणजे ३० टक्के घट. गोषवारा वाचून टाळ्या वाजवाव्या असा. आता पद्धतीचा भाग वाचा. तुलनेला दुसरा गट नाही. आणि डोस दिला जातो तो दाब चढलेला असताना. कवटीतला दाब हा आकडा सतत खालीवर होणारा. मुलाला खोकला आला, कूस बदलली, तरी चढतो आणि काही मिनिटांत बराचसा आपोआप उतरतो. तुम्ही प्रत्येक वेळी शिखरावर असतानाच औषध दिलं आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, तर औषधाऐवजी साधं सलाईन दिलं असतं तरी काही घट दिसलीच असती. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. ३० टक्क्यांपैकी किती केटामिनचं आणि किती या परतण्याचं, हे तुलनेच्या गटाशिवाय सांगता येणार नाही. शिवाय ८२ डोस म्हणजे ८२ मुलं नव्हेत. एकाच मुलाचे अनेक डोस एकमेकांसारखे वागणार, म्हणून प्रत्येक डोस स्वतंत्र निरीक्षण म्हणून मोजला तर खात्री फुगते.

गंमत बघा. १९७२ च्या पेपरला मी 'दाब मोजायला सोपे तेच रुग्ण निवडले गेले' म्हणून पकडलं होतं. २००९ च्या पेपरमध्ये 'दाब जास्त असतानाचेच क्षण निवडले गेले'. निवडीचाच दोष दोन्हीकडे, फक्त उलट दिशेने. पहिला माझ्या लगेच लक्षात आला कारण मला त्याचा निष्कर्ष पटत नव्हता. दुसरा यायला तीन वाचनं लागली.

तरी एक श्रेय द्यायलाच हवं. केटामिनने दाब उसळतो हे जुनं वाक्य जर सगळ्यांना लागू असतं, तर या मुलांमध्ये, ज्यांचा दाब आधीच कड्यावर होता, ८२ पैकी अनेकदा तरी मोठी उसळी दिसायला हवी होती. सरासरीकडे परतणं घट समजावतं, उसळी न दिसणं समजावत नाही. म्हणजे 'केटामिनने दाब उतरतो' याला हा पेपर कच्चा पुरावा आहे, पण 'व्हेंटिलेटरवर, इतर झोपेच्या औषधांसोबत दिलेल्या केटामिनने दाब उसळत नाही' याला बऱ्यापैकी पक्का. एकच पेपर, दोन दाव्यांना दोन वेगळी वजनं. मला हे कळायला सर्वात जास्त वेळ लागला.

मग तुलनेचे गट असलेले अभ्यास? आहेत. फ्रान्समधल्याच बूर्ग्वॅं आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये गंभीर डोकेदुखापतीच्या २५ रुग्णांना मिडाझोलामसोबत केटामिन किंवा सुफेंटानिल, असं चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून दिलं. दोन्ही गटांच्या रोजच्या सरासरी दाबात लक्षणीय फरक नाही. हे वाक्य पुढच्या लेखांमध्ये 'दोन्ही सारखेच सुरक्षित' असं उद्धृत होतं. थांबा. इथे कागद-पेन्सिल घ्या. समजा रुग्णारुग्णांतल्या दाबाचं प्रमाण विचलन ८ मिमी आहे (हा आकडा माझा, हिशेबापुरता गृहीत धरलेला). एका गटात १२, दुसऱ्यात १३. तर दोन सरासरींमधल्या फरकाची ९५ टक्के विश्वासमर्यादा दोन्ही बाजूंना साधारण साडेसहा मिमी येते. म्हणजे केटामिनने दाब खरंच ५ मिमीने वाढत असता, तरी एवढ्या अभ्यासात 'लक्षणीय फरक नाही' असंच उत्तर बऱ्याचदा आलं असतं. फरक सापडला नाही आणि फरक नाही ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसरं म्हणायचं असेल तर आधी ठरवावं लागतं की किती मिमीपर्यंतचा फरक आपण 'सारखं' समजू, आणि मग तेवढे रुग्ण घ्यावे लागतात. नेट-सेटच्या प्रश्नपत्रिकेत हे एका गुणाला येतं. इथे त्यावर माणसाची मात्रा ठरते.

२००५ मध्ये हिमेलझेहर आणि ड्युरिओ यांनी हे सगळं जमवून एक रिव्ह्यू लिहिला. जुन्या मताची फेरतपासणी असं त्याचं शीर्षक, आणि शेवटी प्रश्नचिन्ह. लेखही त्या प्रश्नचिन्हाला शोभेल असाच जपून लिहिलाय: व्हेंटिलेटर असेल, सोबत झोपेचं दुसरं औषध असेल, तर. पुढे त्याचा हवाला देणाऱ्यांनी काय केलं हे आता तुम्हीच ओळखा. प्रश्नचिन्ह गळालं, 'तर' गळालं. २०१५ मध्ये कोहेन आणि सहकाऱ्यांचा पद्धतशीर रिव्ह्यू आला, १० अभ्यास, ९५३ रुग्ण. निष्कर्ष असा की नळी घातलेल्या गंभीर रुग्णांमध्ये इतर औषधांच्या तुलनेत केटामिनने दाब, मेंदूचा रक्तपुरवठा किंवा अंतिम परिणाम बिघडलेला दिसत नाही. 'नळी घातलेल्या' हे दोन शब्द मी मुद्दाम पुन्हा वाचायला सांगते. कारण मी समाजमाध्यमांवर आणि लेक्चरच्या व्हिडिओंमध्ये आता 'केटामिनने आयसीपी वाढतो ही निव्वळ अफवा' असं ऐकते. जुनं वाक्य जसं अटी गाळून बनलं तसंच हेही बनतंय.

अफवा नक्कीच नाही. २००३ मध्ये फिनलंडमधल्या लॉंग्स्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना भुलीपेक्षा कमी मात्रेत केटामिन देऊन पेट स्कॅनने पाहिलं. मेंदूतला रक्तप्रवाह वाढला, पुढच्या भागात रक्ताचं आकारमानही वाढलं, पण ऑक्सिजनचा वापर त्या प्रमाणात वाढला नाही. म्हणजे औषध एकटं दिलं, माणूस जागा-अर्धजागा असला, तर आत रक्त वाढतं हे खरं आहे. निरोगी माणसाच्या डब्यात जागा असते, त्याचं काही बिघडत नाही. ज्याचा सीएसएफचा मार्ग अडलाय आणि ज्याला व्हेंटिलेटरवर न घेता नुसतं केटामिन दिलं, त्याचं काय? तो १९७२ चा रुग्ण. त्याच्यावर नवे अभ्यास मला सापडले नाहीत, आणि कोणी करेल असंही वाटत नाही, कारण असा अभ्यास कोणत्याही नैतिकता समितीत मंजूर होणार नाही. म्हणजे त्याच्यापुरता जुना इशारा अजून उभाच आहे, आणि नव्या पेपरांनी तो खोडलेलाही नाही. ते वेगळ्याच माणसांबद्दल बोलत आहेत. दोन पिढ्यांच्या पेपरांत भांडण आहे असं आपण समजतो; माझ्या मते त्यांची भेटच झालेली नाही.

एक तक्रार मात्र मला दोन्ही पिढ्यांबद्दल आहे. सगळे दाब मोजतात. दाब हा मधला टप्पा. रुग्णाला हवं असतं घरी जाणं, बोलता येणं, मुलांना ओळखणं. दाब उतरला म्हणजे हे साधलं असं धरून चालता येत नाही. बार्बिट्युरेट्स दाब हमखास उतरवतात, पण कॉक्रेनच्या रिव्ह्यूनुसार त्याने मृत्यू किंवा अपंगत्व कमी होतं असा पुरावा नाही, आणि उपचार केलेल्या दर चारांतल्या एकाचा रक्तदाब पडतो. २०११ चा डेक्रा अभ्यास आठवा: कवटीचा तुकडा काढून दाब उतरवला, आणि सहा महिन्यांनी त्या गटाची अवस्था जास्त वाईट निघाली. भुलीच्या औषधांतही तेच. टॉड आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मेंदूच्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत १२१ रुग्णांवर तीन वेगवेगळ्या भुलींची तुलना केली. बाणांच्या तक्त्यानुसार त्यांच्यात चांगलाच फरक पडायला हवा होता, पण रुग्णांच्या परिणामात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. दाब मोजणं सोपं आहे, आकडा लगेच मिळतो, १२ रुग्णांत पेपर होतो. सहा महिन्यांनी माणूस कसा आहे हे विचारायला शेकडो रुग्ण आणि पाच वर्षं लागतात. पीएचडीचा कालावधी किती असतो ते तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे मी कोणाला फार बोलत नाही.

शेवटी माझ्या तक्त्याचं काय झालं? केटामिनच्या एका ओळीच्या आता पाच ओळी झाल्यात. नवे रकाने: श्वास कोणाचा, कार्बन डायऑक्साइड मोजला का, सोबत कोणतं औषध, सीएसएफचा मार्ग मोकळा की अडलेला, रक्तदाबाचं काय झालं, किती जण. तीन घरांमध्ये बाणाऐवजी फुली आहे, कारण त्या पेपरमध्ये ती माहितीच दिलेली नाही. तक्ता स्लाईडवर मावत नाही, अक्षर बारीक करावं लागतं आणि मागच्या बाकावरून दिसत नाही. दादाला पाठवला तर त्याचा निरोप आला: "छान आहे, पण रात्री दोन वाजता हा कोण वाचणार?" त्याचं म्हणणंही रास्त आहे. त्याच्यासाठी मी दोन ओळींची आवृत्ती केली, पहिली ओळ 'व्हेंटिलेटरवर असेल तर' अशी आणि दुसरी 'नसेल तर' अशी सुरू होते. त्याने ती कितपत वापरली ते दिवाळीत भेटल्यावर विचारणार आहे.

प्रोपोफॉलची ओळ अजून तशीच आहे, तिन्ही बाण खाली. पुढच्या शुक्रवारी मॅडम तिच्यावर पॉइंटर धरणार हे नक्की, म्हणून सध्या पीटरसन आणि सहकाऱ्यांचा २००३ चा पेपर वाचतेय: ११७ रुग्ण, प्रोपोफॉल, आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन यांची तुलना, तीही चिठ्ठ्या टाकून. प्रोपोफॉलच्या गटात दाब कमी निघाला. पद्धतीच्या भागात अजून दुसऱ्याच परिच्छेदावर आहे.